हेडसेट लावला की व्यायाम होतो, ठेवला की सुटतो. असं काहून होते?

सारवण (९ जुलै, रात्री ९.४०)

मंडळी, मी दारव्हा तालुक्यातल्या एका गावात जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका आहे. वय ४६. दोन वर्षांपूर्वी शुगर निघाली. डॉक्टर दर वेळी एकच सांगतात, रोज अर्धा तास चाला. आमच्या गावात बाई सकाळी एकटी रस्त्यानं झपझप चालताना दिसली की चार जण थांबवून विचारतात, "मॅडम, कुठं निघाल्या? घरी सगळं ठीक आहे ना?" एप्रिल-मेमध्ये तर सकाळी आठलाच ऊन चटके देतं. दोन वर्षांत किमान दहा वेळा चालणं सुरू केलं आणि दरवेळी आठवड्याच्या आत सुटलं.

भाचा पुण्याला नोकरीला आहे. त्यानं नवा हेडसेट घेतला म्हणून जुना क्वेस्ट २, म्हणजे डोळ्यांवर बांधायचा व्हीआर सेट, ज्यात खेळ आपल्या भोवतीच दिसतो, माझ्याकडे ठेवून गेला. मागच्या खोलीतली ज्वारीची कोठी भिंतीला सरकवली, मधोमध सतरंजीचा तुकडा टाकला आणि २२ एप्रिलला पहाटे पाच वाजता कडी लावून सुरुवात केली. खेळ बीट सेबर. गाण्याच्या ठेक्यावर लाल-निळे ठोकळे समोरून येतात, दोन्ही हातांतल्या तलवारींनी बाणाच्या दिशेनं कापायचे, भिंत आली की खाली बसायचं. एक दिवसाआड बॉक्सिंगचा खेळ. पहिल्या दिवशी वीस मिनिटं म्हणून लावला. पाठीवरचा ब्लाऊज ओला लागला तेव्हा घड्याळ पाहिलं, तर चाळीस मिनिटं होऊन गेली होती.

असे सलग ४७ दिवस. एक खाडा नाही. ७ जूनला संध्याकाळी वादळ आलं, शेजारच्यांची टिनं उडाली, तीन दिवस लाइन नव्हती. सेटची बॅटरी चालते जेमतेम दोन तास, ती पहिल्याच दिवशी संपली. चौथ्या दिवशी लाइन आली, सेट चार्ज केला, आणि मी तो लावलाच नाही. आज महिना होऊन गेला. कोठीवर ठेवला आहे, वर रुमाल टाकला आहे.

मला खरंच समजून घ्यायचं आहे. ती ओढ कशाची होती? यंत्राची, गाण्याची, दिवसांच्या आकड्याची की माझी स्वतःची? माझी होती तर तीन दिवसांत गेली कुठं? ज्यांनी हा व्यायाम केला आहे त्यांनी सांगा. ज्यांनी दुसरा कुठलाही व्यायाम वर्षानुवर्षं टिकवला त्यांचंही ऐकायचं आहे.

पऱ्हाटीवाला (९ जुलै, रात्री १०.०५)

मॅडम, राग मानू नका. तुमच्या शाळेच्या मांगं वावरं असतीनच. सध्या डवरणीचे, म्हंजे बैलाच्या डवऱ्यानं पिकातलं तण काढायचे दिवस हायेत. डवऱ्याच्या मांगं चार तास फिरलं का शुगर पळून जाते. डोळ्याले डबा बांधून हवेत तलवार मारायची गरजच काय? आमच्या बापानं कधी व्यायाम हा शब्द नाई उच्चारला, ८२ वर्षं जगला.

कडूनिंब (९ जुलै, रात्री १०.११)

भाऊ, ज्याच्यापाशी वावर नाही त्यानं काय शेजाऱ्याचं डवरून द्यावं? तसं असेल तर माझं साडेतीन एकर तयार आहे, मॅडमनी कधीही यावं. चहा माझ्याकडून.

फिजिओताई (१० जुलै, सकाळी ७.२०)

सारवणताई, मी अमरावतीला फिजिओथेरपिस्ट आहे. आधी शरीराचं बोलते, मनाचं दुसरे बोलतील.

तुमची वीस मिनिटांची चाळीस झाली यामागे कारण आहे. व्यायाम करताना धाप, घाम, मांडीतली आग असे निरोप मेंदूकडे जात असतात. समोरून ठोकळे येत असले की लक्ष तिकडे लागतं आणि हे निरोप मागे पडतात. म्हणून केलेले कष्ट जेवढे असतात त्यापेक्षा कमी वाटतात. मध्यम जोरापर्यंत हे चालतं. जोर फार वाढला की शरीर बाकी सगळ्यावर मात करून स्वतःचंच म्हणणं ऐकवतं. स्वीडनच्या गुन्नार बोर्ग यांनी ६ ते २० अशी मोजपट्टी केली आहे, त्यात माणसानं स्वतःच सांगायचं की किती कष्ट वाटतात. हेडसेट घातलेल्या माणसाचा हा आकडा जरा कमीच येईल असं मी धरून चालते. म्हणजे फायदा आहे तसा धोकाही आहे. बीपी किंवा हृदयाचा त्रास असलेल्यानं डॉक्टरांना विचारल्याशिवाय बॉक्सिंगला हात लावू नये. खेळताना अधूनमधून बोलून बघा. बोलता येतं पण गाता येत नाही, एवढा जोर पुरे.

दुसरं. जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारस प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम आणि शिवाय दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम अशी आहे. तुमची मिनिटं भरत होती. पण या खेळांत राबतात ते हात आणि खांदे. भिंतीखाली वाकणं सोडलं तर पायांना काम कमी. त्यात बैठका घाला.

तिसरं, आणि हे तातडीचं. पायात काय घालता?

पऱ्हाटीवाला भाऊ, तुमच्या वडिलांना नमस्कार. पण माझ्याकडे येणाऱ्या शुगरच्या पेशंटांत शेतकरी पुष्कळ आहेत.

सारवण (१० जुलै, सकाळी ७.५५)

काहीच नाही घालत. खोली शेणानं सारवलेली आहे, अनवाणीच बरं वाटतं.

फिजिओताई (१० जुलै, सकाळी ८.०२)

तिथंच थांबा. शुगर असलेल्या माणसाच्या तळपायाची जाणीव हळूहळू कमी होऊ शकते. वर डोळे झाकलेले. कोठीच्या पत्र्याला बोट लागलं तर रात्रीपर्यंत कळणार नाही. मऊ कॅनव्हासचे बूट घाला, झाल्यावर दोन्ही तळवे आरशात बघा. गोळी घेऊन उपाशीपोटी करत असाल तर खिशात साखर किंवा गूळ हवाच.

पाच_वाजता (१० जुलै, सकाळी ८.३०)

शनिवारी बूट घेणार ना? मी आठवण करीन.

मृगधारा (१० जुलै, दुपारी १.१५)

मी नागपूरला मानसशास्त्रात एमए करते आहे, गाव काटोलकडे. ताईंचा प्रश्न वाचून वर्गातलं सगळं आठवलं.

एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या दोघांनी माणूस आपणहून एखादी गोष्ट का करत राहतो यावर जन्मभर काम केलं. त्यांच्या मते तीन भुका भागल्या तर ओढ टिकते. हे मी माझ्या मर्जीनं करतोय, मला हे जमतंय, आणि मी कुणाशी तरी जोडलेलो आहे. ताईंचे दिवस या तीन भुकांशी लावून बघा. पहाटे पाचला कडी लावलेली खोली, ही स्वतःची मर्जी. काल चुकलेला ठोकळा आज कापला जातो, हे जमणं. या खेळात ते फार ठसठशीत दिसतं, म्हणून गोडी लागते. चालण्यात आज कालच्यापेक्षा बरं चाललो हे कुणाला दिसतं? तिसरी भूक मात्र तुमच्या खोलीत कुठंच नाही. तुम्ही एकट्या होतात.

आता आकडा. डेसींनी १९७१ मध्ये एक प्रयोग मांडला. विद्यार्थ्यांना ठोकळ्यांची कोडी सोडवायला दिली. काहींना एका फेरीत प्रत्येक कोड्यामागे पैसे दिले. पुढच्या फेरीत पैसे बंद झाल्यावर मोकळ्या वेळेत त्यांचं कोड्यांकडे जाणं कमी झालं. आधी तीच कोडी ते हौसेनं सोडवत होते. मला वाटतं, ४५, ४६, ४७ हा आकडाच तुमची मजुरी झाला होता. तो शून्य झाला आणि काम बंद पडलं.

एक दिलासा. लंडनला फिलिपा लॅली यांच्या गटानं सवय कशी लागते ते ९६ लोकांवर पाहिलं, २०१० च्या सुमारास छापून आलं. सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. कुणाला १८, तर कुणासाठी हिशेब २५४ पर्यंत गेला. तुमचे ४७ म्हणजे तुम्ही अजून वाटेतच होतात. आणि मधला एखादा दिवस चुकला म्हणून सवय लागण्यात विशेष फरक पडला नाही. साखळी तुटली की सगळं वाया, हे आपल्या डोक्यातलं आहे.

भरतीवाला_दादा (१० जुलै, रात्री ८.५०)

मृगधारा ताई म्हणते त्याचा रोज पुरावा पाहतो. मी गावातल्या पोरापोरींची पोलीस भरतीची तयारी घेतो. पहाटे चारला डांबरी रस्त्यावर पस्तीस-चाळीस जण. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, शिवाय १०० मीटर आणि गोळाफेक. मुलांचा गोळा ७.२६० किलोचा, मुलींचा ४ किलोचा. थंडीत दव पडलं तरी एक पोर मागं राहत नाही. कोणाले उठवायला जावं लागत नाही.

पण जो लागला तो वर्षभरात पोट घेऊन सुट्टीवर येतो, आणि ज्याचं वय निघून गेलं तो त्या रस्त्यावर परत दिसत नाही. इतकी वर्षं धावलेली पोरं, आणि धावणं त्यांचं झालंच नाही. हे मला फार लागतं. एका पोराला विचारलं, "काहून सोडलं रे?" तो म्हणाला, "सर, आता कशासाठी?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. मागच्या वर्षीपासून आठवड्यातला एक दिवस घड्याळ घरी ठेवून येतो. त्या दिवशी नुसती खो-खो आणि कबड्डी. सगळ्यात जास्त आवाज त्याच दिवशी असतो.

वाघाडीकाठ (१० जुलै, रात्री ९.२०)

एक साधा मुद्दा कुणी घेतला नाही. एप्रिलमध्ये सकाळची शाळा, मेमध्ये सुट्टी. आपल्या विदर्भातल्या शाळा उन्हामुळे बाकीच्या महाराष्ट्रानंतर उघडतात, जूनच्या शेवटी. ताई, तुमचे ४७ दिवस बहुतेक सुट्टीचेच होते. ओढ वगैरे नंतर, आधी वेळ.

सारवण (१० जुलै, रात्री १०.००)

विचार केला यावर. पण मी करत होते पहाटे पाचला. सुट्टी असो नसो, पाच वाजता मला शाळा नसते. नळ साडेसहाला येतो. आणि सेट बंद पडला तेव्हा शाळा उघडायला चांगले दोन आठवडे होते. वेळ होता हो. कोठीवरचा रुमाल काढायला हात जात नव्हता.

संत्रेवाला_वरूड (११ जुलै, सकाळी ६.४०)

मी एकदा घातला होता, साडूच्या घरी. जहाजावरून उडायचं काही तरी होतं. दोन मिनिटांत पोटात ढवळलं, दुपारचं जेवण गेलं. तेव्हापासून नको.

परदेशी_वऱ्हाडी (११ जुलै, सकाळी ९.१०)

संत्रेवाला, तुम्हाला चुकीचा खेळ लावून दिला. डोळे सांगतात आपण उडतोय, कानाच्या आतलं तोल सांभाळणारं यंत्र सांगतं आपण उभे आहोत. त्या भांडणात मळमळ होते. ज्या खेळात तुम्ही एका जागी उभे राहता आणि वस्तू तुमच्याकडे येतात त्यात हे भांडण फार कमी. सुरुवात पाच मिनिटांनी करा, गरगरलं की लगेच काढा, ताणू नका. समोरून पंखा लावा. वारा तोंडावर लागला की आपण कुठल्या दिशेला तोंड करून आहोत ते कळत राहतं.

ताई, मी अकोल्याचा, बारा वर्षांपासून बाहेर. या जातीच्या प्रत्येक लाटेत मी होतो. २००७ च्या शेवटी जपानमध्ये वी फिट आला, पाटावर उभं राहून व्यायाम करायचा. नंतर कितीतरी घरांत तो पाट पलंगाखाली गेला. २०१६ मध्ये पोकेमॉन गो आला, फोन हातात धरून रस्त्यानं फिरत त्यातले प्राणी पकडायचे. डिसेंबरमध्ये भारतात सुरू झाला तेव्हा मी सुट्टीवर होतो, अकोल्यात रात्री पोरांसोबत मैलभर भटकलो. फेब्रुवारीपर्यंत सगळे घरी. नवल ओसरतं. बीट सेबर २०१८ चा, तो मी अजून खेळतो. कारण एकच. दर शनिवारी माझा वर्गमित्र आणि मी एकाच वेळी लावतो, तो पुण्यात, मी इकडे. अर्धा वेळ आम्ही गप्पाच मारतो. तो नसता तर माझाही सेट कपाटात असता. मृगधारा म्हणतात ती तिसरी भूक हीच.

कडूनिंब (११ जुलै, सकाळी ९.३५)

पंख्यावरून आठवलं. पुतण्यानं उत्साहात वर हात मारला तो थेट छताच्या पंख्याच्या पात्याला. पंखा बंद होता म्हणून निभावलं. आता आमच्या घरचा नियम, आधी वर बघायचं, मग सेट.

टिनाखाली (११ जुलै, सकाळी ११.००)

विदर्भात हे वापरणाऱ्यांसाठी कामाचं सांगतो. माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे, चार-पाच सेट हातून गेले.

भिंगांवर थेट ऊन पडू देऊ नका. भिंग ऊन गोळा करतं आणि आतला पडदा जाळतं, कागद पेटवायच्या भिंगासारखं. खिडकीत ठेवलेला एक सेट माझ्याकडे आला, पडद्यावर पिवळे डाग होते, काही करता आलं नाही. ताई, तुमचा रुमाल आहे ते उत्तम. टिनाच्या खोलीत दुपारी ठेवू नका, फार तापला की चालत नाही. खोलीत उजेड हवा, कारण सेट बाहेरच्या कॅमेऱ्यांनी खोली पाहूनच तुमची जागा ठरवतो. लाइन गेली आणि अंधार झाला तर बॅटरी असूनही हात भरकटतात. घामासाठी सिलिकॉनचं आवरण मिळतं, पुसून घेता येतं. आणि जे खेळ एकदा उतरवून घेतले की नेट लागत नाही तेच घ्या. महिन्याचे पैसे आणि सतत नेट मागणारे आपल्याकडे टिकत नाहीत.

पऱ्हाटीवाला (११ जुलै, दुपारी १२.२०)

म्हणजे लाइन पायजे, नेट पायजे, उजेड पायजे, ऊन नको, पंखा पायजे पण वर नको. यापेक्षा माझा डवरा बरा. त्याले फक्त बैल लागते.

ओटी (११ जुलै, रात्री ९.३०)

पऱ्हाटीवाला काका, मी तुमच्याशी भांडायला आले नाही, पण वावरातलं काम म्हणजे व्यायाम हे मला पटत नाही. माझी आई कापूस वेचते. कंबरेला ओटी बांधून सकाळी आठपासून संध्याकाळी पाचपर्यंत. दिवसभर वाकलेली. बोटं बोंडाच्या टोकांनी चिरलेली. रात्री पाठ शेकून देते मी तिची. दिवसभर हललेल्या बाईला मी व्यायाम कर म्हणू शकत नाही, आणि तिचं शरीर सुधारतंय असंही म्हणू शकत नाही. रोज तेच स्नायू, त्याच दिशेनं.

मागच्या हिवाळ्यात मी जिथं काम करते त्या कॉलेजचा सेट दोन दिवस घरी आणला होता. आईला बॉक्सिंगचा लावून दिला. आधी घाबरली, माझा दंड धरून उभी राहिली. मग एक ठोसा, दुसरा. मग एक लक्ष्य वरून आलं आणि तिनं हात डोक्याच्या वर नेला. मी बघतच राहिले. पऱ्हाटी कंबरेएवढी असते हो. वेचणीत हात पुढं जातो, खाली जातो, वर कधीच जात नाही. दहा मिनिटांनी काढला तर खांदे चोळत म्हणाली, "इथलं काई तरी मोकळं झालं वं." सेट परत गेला. पण ती अजून झोपायच्या आधी उंबरठ्यावर उभी राहून दोन्ही हातांनी चौकटीची वरची पट्टी गाठते, दहा वेळा. मोजत नाही म्हणते, पण दहाच होतात.

फिजिओताई (११ जुलै, रात्री ९.५०)

ओटी, चौकटीवरचा तो ताण मी पेशंटांना शिकवते. आईंनी आपणहून शोधला. त्यांना सांग, पाठ मागे वाकवायचंही घाल, हात कंबरेवर ठेवून, सावकाश, पाच वेळा.

पऱ्हाटीवाला (११ जुलै, रात्री १०.१५)

पोरी, खरं बोलली तू. माह्या बायकोचे खांदे दोन वर्षांपासून दुखून रायले. केस विंचरायले हात वर जात नाई तिचा. मले वाटलं वयाचं हाये. म्या कधी इचारच नाई केला.

लालमाती (१२ जुलै, सकाळी ५.५०)

वय ६७. मी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात शिकलो. १९१४ साली वैद्य बंधूंनी उभं केलेलं हे मंडळ. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी इथला चमू जाऊन कबड्डी दाखवून आला, ती गोष्ट आम्हाला पहिल्याच आठवड्यात सांगितली जायची.

४८ वर्षं रोज जोर-बैठका मारतो आहे. मन लागत नाही असे शेकडो दिवस आले. त्या दिवसांत मी जोर मारायला जात नव्हतो, मी आखाडा उकरायला जात होतो. माती भुरभुरीत करायची, त्यात हळद-तेल घालायचं, पाणी शिंपडायचं. तेवढं झालं की अंग आपोआप मातीत उतरायचं. ताई, तुमच्या व्यायामाला असं उंबरठ्याजवळचं काम कोणतं? मला वाटतं, सतरंजी टाकणं आणि दिवा लावणं. सेटचा विचार करू नका. सतरंजी झटका आणि टाका. पुढचं त्या दिवसाचं त्या दिवशी.

या यंत्राबद्दल मला राग नाही. आमच्या वेळी पोरगं पोराला ओढून आणायचं. आता गावात तालीमच उरली नाही, तर ओढणार कोण? मॅडमसारख्या बाईला त्या काळीही आखाड्यात जागा नव्हती, हेही खरं आहे. तिला कडी लावलेल्या खोलीत जागा मिळाली, याचा मला आनंद आहे.

सारवण (१२ जुलै, दुपारी ३.३०)

गुरुजी, तुमचं वाचून रडू आलं. दोन दिवस सगळ्यांचं उलटसुलट वाचते आहे.

पहाटे पाच ते साडेपाच या वेळात मला कुणी हाक मारत नव्हतं. मुलं नाही, सासूबाई नाही, केंद्रप्रमुखांचा फोन नाही. कान झाकलेले, डोळे झाकलेले. मी कशी दिसते, पदर कुठं आहे, कोण बघतंय, काही नाही. रस्त्यावर चालताना यातलं सगळं अंगावर असतं. मला ओढून नेत होता तो हा अर्धा तास. ठोकळे नंतर आले.

आणि मग आकडा आला. पंचविसाव्या दिवसानंतर मी भाच्याला रोज आकडा पाठवू लागले, तो अंगठा दाखवायचा. पस्तिसाव्या दिवशी ताप होता तरी केलं, कारण आकडा जाईल. तेव्हाच माझा अर्धा तास पुन्हा कुणाच्या तरी हिशेबात गेला होता. वादळानं फक्त तो आकडा पुसला.

फिजिओताई, एक विचारू? किती खाडे चालतात?

फिजिओताई (१२ जुलै, दुपारी ४.१०)

शुगरवाल्यांसाठी ठोकताळा असा, की सलग दोन दिवसांपेक्षा जास्त खंड पडू देऊ नये. व्यायामानं इन्सुलिनला शरीर जास्त चांगला प्रतिसाद देतं, तो परिणाम एक ते तीन दिवसांत ओसरतो. म्हणजे एक खाडा चालेल, दोनही चालतील. तिसऱ्या दिवशी मात्र काहीतरी करायचंच. सेट नसेल तर अंगणात बैठका.

मृगधारा (१२ जुलै, दुपारी ४.२५)

आणि बीट सेबरमध्ये गुण आणि अक्षरं लपवायची सोय आहे, खेळाडूच्या पर्यायांत. नुसते ठोकळे आणि गाणं उरतं. करून बघा.

पाच_वाजता (१३ जुलै, सकाळी ७.००)

बूट?

सारवण (१३ जुलै, सकाळी ७.३०)

घेतले. पांढरे, शाळेच्या पोरांसारखे.

सारवण (२६ जुलै, सकाळी ६.२०)

विचारणाऱ्यांचे आभार, म्हणून सविस्तर लिहिते.

१३ तारखेला सतरंजी झटकून टाकली, दिवा लावला. तेवढ्यावरच परत आले. १४ ला बूट घालून सेट लावला, गुण लपवले. पहिली पाच मिनिटं चुकल्यासारखं वाटलं, बरोबर मारतेय की नाही तेच कळेना. मग कानात आवाज ऐकू येऊ लागला. नीट कापलेल्या ठोकळ्याचा आवाज वेगळा असतो, ४७ दिवसांत मला तो ऐकूच आला नव्हता.

१३ दिवसांत चार खाडे झाले. सलग दोन कधी झाले नाहीत. भाच्याला आकडा पाठवत नाही. शुगर पुढच्या महिन्यात तपासीन, गोळीही चालू आहे त्यामुळे श्रेय कशाला द्यायचं ते डॉक्टर सांगतील.

काल पहाटे पाऊस आणि लाइन नाही. आदला दिवस खाड्याचा होता. टॉर्चच्या उजेडात सेटला हात दिसेनात, टिनाखाली दादा म्हणाले तसंच झालं. सेट काढला, कोठीवर ठेवला आणि सतरंजीवरच बैठका सुरू केल्या. कडी लावायची राहिली होती. सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. मला वाटलं आता काही बोलतील. त्या खाली बसल्या, भिंतीला टेकल्या आणि मोजू लागल्या. "सात... आठ... हे नाई धरत, पुरती बस खाली. आठ."

ओटी (२६ जुलै, सकाळी ६.४५)

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा ताई.

पऱ्हाटीवाला (२६ जुलै, रात्री ९.००)

मॅडम, बायको रोज चौकटीले हात लावून रायली. चार बोटं अजून कमी पडतात. डवरणं आटोपलं का एका रविवारी तिले घेऊन येतो दारव्ह्याले. तो वरून येणारा ठोसा तिले एकदा मारू द्या. कोठी जराशीक सरकवून ठेवा.